उलट्या आट्याचं पेडल

रहाटणीत तुमच्या सायकलीतून 'कट्' असा आवाज येऊ लागला, तर तो तुमचा खासगी प्रश्न राहत नाही. सांगलीत राहिला असता. तिथं सायकल नेहमीच्या मिस्त्रीकडं टाकायची, संध्याकाळी उचलायची, तो सांगेल तेवढे पैसे द्यायचे. काय बिघडलं होतं हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आमचे संबंध उत्तम होते. इथं लिफ्टपासून फाटकापर्यंत सायकल चालवत नेताना आवाज झाला आणि पार्किंगमधल्या तीन माना वळल्या. आपण घोकलेलाच प्रश्न पेपरात आल्यावर पोरं मान वर करतात, तशा वळल्या. मी गणिताची शिक्षिका आहे, त्यामुळं ती मान मला चांगली ओळखीची आहे.

आम्ही इथं आलो ते यजमानांची बदली चाकणला झाली म्हणून. चाकणला बदली झाली म्हणून रहाटणीत घर घेतलं, या वाक्यातली गंमत सांगलीच्या नातेवाइकांना अजून समजावून सांगावी लागते. इथल्या माणसाला त्यात गंमत दिसतच नाही. इथं प्रत्येकजण राहतो एकीकडं आणि कामाला जातो दुसरीकडं. कंपनीची बस जिथं थांबते त्याच्या आसपास घर बघायचं. बस पुढं कुठं जाते ते ड्रायव्हरनं बघावं. चाकणची बस पहाटे, हिंजवडीची जरा उशिरा, भोसरीवाले आपापल्या दुचाकीवर. या सगळ्यांना एकदाचं वाटेला लावलं, की कोकणे चौक ते शिवार चौक हा रस्ता आम्हा राहणाऱ्यांच्या ताब्यात येतो. ताब्यात येतो म्हणजे ओलांडता येतो.

गाव मूळचं नखाते आणि तापकीर मंडळींचं. आता तापकीर मळा चौकात मळा शोधू नये. नखाते वस्तीत वस्ती मात्र भरपूर आहे. पत्ता सांगायची इथली रीत मला सुरुवातीला जमेना. सांगलीत मी मारुती, गणपती आणि दत्त यांच्या आधारानं पत्ता सांगत आले. इथं केएसबी चौक, थरमॅक्स चौक, टेल्को रोड. म्हणजे पंप, बॉयलर आणि ट्रक. टेल्कोची टाटा मोटर्स होऊन कितीतरी वर्षं झाली, पण रस्त्यानं माहेरचं नाव काही सोडलेलं नाही.

तर सायकल. माझी सायकल साधी, बिनगिअरची, लेडीज, पुढं बास्केट असलेली. सामानाच्या टेम्पोत कपाट आणि गाद्या यांच्यामध्ये चेपून ती सांगलीहून आली आणि येताना हा आवाज घेऊन आली. पहिलं निदान वॉचमनदादांनी केलं: चेनला खोबरेल घाला. दुसरं तिसऱ्या मजल्यावरच्यांनी: बीबीचा, म्हणजे पेडलांच्या मधल्या दांड्याच्या बेअरिंगचा, कप ढिला झालाय. तिसरं त्यांच्या शेजाऱ्यांनी: कप नाही, कॉटर पिन झिजलीय. फ्रीव्हीलमधले छर्रे फुटले असतील, चाक आऊट असेल, चेनची एक कडी अडकत असेल, अशी पुरवणी मतं संध्याकाळपर्यंत येत राहिली. यातलं एकही मत मला उद्देशून नव्हतं. सगळी यजमानांना सांगण्यात आली. "सर, मॅडमच्या सायकलची बीबी एकदा बघून घ्या." सर परचेसमध्ये आहेत. त्यांना कुठल्याही पार्टची किंमत माहीत असते, जागा माहीत नसते. ते गंभीरपणे मान डोलावून विचारत, "साधारण काय रेट चाललाय?"

मला ताई म्हणून थेट माझ्याशी बोलणारे पहिले म्हणजे तळमजल्यावरचे काका. निवृत्त आहेत. त्यांनी सायकलकडं न बघता मला विचारलं, "आवाज पेडलच्या एका फेऱ्याला एकदा येतो, की चाकाच्या?" इतका नेमका प्रश्न मला सांगलीत कुणी विचारला नव्हता. मी घरी जाऊन दात मोजले. सायकलीचे. पुढच्या चकतीला ४४, मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. दोष चाकात असता, तर आवाज तितक्या वेळा आला असता. चेनला शंभराच्या वर कड्या. चेनची पूर्ण प्रदक्षिणा व्हायला पेडल अडीच वेळा मारावं लागतं. कडी अडकत असती, तर आवाज अडीच फेऱ्यांनी एकदा आला असता. आवाज येत होता दर फेऱ्याला बरोबर एकदा. म्हणजे चेन निर्दोष, चाक निर्दोष, फ्रीव्हील निर्दोष. उरलं काय, तर मधला दांडा, क्रँक आणि पेडलं. हा हिशेब वहीच्या पानावर मांडून मी काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तपासला, दोन ठिकाणी बरोबरच्या खुणा केल्या आणि म्हणाले, "ताई, तुम्ही शाळेत काय करता? तुम्ही क्वालिटीला पाहिजे होतात." मला आजवर मिळालेल्या पुरस्कारांत, ते फारसे नाहीतच, मी हा वरच्या नंबरला ठेवते.

काकांनी नोकरीभर एका प्रकारचे बुश तपासले. सकाळी जायचं, मायक्रोमीटर घ्यायचा, बुश मोजायचा, पास किंवा रिजेक्ट. तो बुश गाडीत नेमका बसतो कुठं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी हातानं हवेत गाडी काढली, चाकं काढली, आणि मग थांबून म्हणाले, "दिसत नाही ताई तो. दिसला तर गाडी खोललीय म्हणायची."

या उत्तरानंतर मला आमच्या इमारतीचं कोडं थोडं उलगडलं. या पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यात आख्खी गाडी जिथून बाहेर पडते असे कारखाने हाताच्या बोटांवर मोजावेत. बाकीच्या अगणित शेडमध्ये तिचा एकेक अवयव तयार होतो. आमच्या विंगमध्ये वायरिंग हार्नेस आहे, गॅस्केट आहे, सीटचा फोम आहे, ब्रेकची नळी आहे. शेजारी मला नावानं नंतर कळले, पार्टनं आधी. सोसायटीची वार्षिक सभा भरते तेव्हा एक पूर्ण मोटार हजर असते, फक्त ती सुरू होत नाही. आणि यातल्या कुणालाही संपूर्ण गाडीबद्दल अधिकारानं बोलता येत नाही. फोमवाला ब्रेकबद्दल बोलला, तर ब्रेकवाला ऐकून घेणार नाही. सायकल हे एकच यंत्र असं की त्यावर सगळ्यांचा सारखा हक्क. तिला बॉनेट नाही, कव्हर नाही, कंप्युटर नाही. सगळं उघडं. बत्तीस वर्षं न दिसणारा बुश मोजलेल्या माणसापुढं अशी सगळी उघडी सायकल आणून उभी केल्यावर त्यानं गप्प बसावं, ही अपेक्षाच निर्दयपणाची आहे.

मागचा टायर बदलायचं निघालं, तेव्हा हा हक्क फारच जोरात बजावला गेला. टायर जुना, कडेनं चिरा पडलेल्या. कुठं मिळेल? नाना पेठेत जा, एक मत. पिंपरी कॅम्पात शगुन चौकाच्या आसपास बघा, दुसरं. पुण्याला कशाला जायचं, ऑनलाइन मागवा, तिसरं. हे मत देणारा सातव्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा. त्याची डोंगरी सायकल आमच्या सगळ्या वाहनांपेक्षा महाग आहे. तो म्हणाला, "काकू, तुमची सव्वीसच ना? माझा एक सव्वीसचा पडलाय, नवाच आहे. घेऊन टाका." टायर घेऊन तो उत्साहानं खालीही आला. आणि तो टायर माझ्या चाकावर काही केल्या चढेना. तिघांनी जोर लावला. एकानं गरम पाण्याचा उपाय सुचवला. मुलगा म्हणत होता, "पण सव्वीस म्हणजे सव्वीस!"

इथं काकांनी आपली खुर्ची पुढं ओढली. "इंच सोडा," ते म्हणाले. "टायरच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा." माझ्या टायरवर होतं ३७-५९०. त्याच्यावर ५०-५५९. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. माझं सव्वीस त्याच्या सव्वीसपेक्षा ३१ मिलिमीटरनं मोठं. गरम पाण्यानं एवढं साधलं नसतं.

असं का, याचं उत्तर जुनं आहे. इंचाचा हा आकडा सुरुवातीला हवा भरलेल्या टायरचा बाहेरून बाहेर मोजलेला व्यास होता. कुणी जाड टायर बसवून सव्वीस केले, कुणी मोठ्या रिमवर बारीक टायर बसवून. पुढं टायरच्या जाड्या बदलल्या, नावं तशीच राहिली. त्याचा आजचा परिणाम काय झाला आहे, ते मी फळ्यावर लिहीत असते तर मुलांनी मलाच बाकावर उभं केलं असतं. माझं २६ बाय १ ३/८ हे आजच्या फॅशनेबल साडेसत्तावीसपेक्षा मोठं: ५९० आणि ५८४. दूधवाल्याची काळी अठ्ठावीस बाय दीड ही नव्या एकोणतिसापेक्षा मोठी: ६३५ आणि ६२२. आणि सगळ्यांवर कळस असा की २६ बाय १.७५ आणि २६ बाय पावणेदोन हे एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. पावणेदोन बरोबर एक पूर्णांक पंचाहत्तर शतांश, हे मी गेली कित्येक वर्षं सहावीला छातीठोकपणे शिकवतेय. अपूर्णांकातला आणि दशांशातला टायर निराळा असू शकतो, हे पाठ्यपुस्तक मंडळाला कळवावं का, या विचारात मी त्या दिवशी बराच वेळ होते. टायर शेवटी पिंपरी कॅम्पात मिळाला, ३७-५९० असा चिठ्ठीवर लिहून नेल्यावर. दुकानदारानं चिठ्ठी बघून विचारलं, "कंपनीतून आलात का?"

सायकल आणि कारखाने यांचं नातं मला सांगलीकर म्हणून परकं नाही. आमच्या जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी, माझ्या मामांची सगळी नोकरी तिथं झाली, ती मुळात सायकलच्या दुकानातून निघाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचा धंदा सुरू केला. तेव्हा सायकल ही साहेबाची चीज. विकायची तर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवावं लागे. पुढं कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर. मग बेळगावातली कारखान्याची जागा नगरपालिकेमुळं सोडावी लागली, औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला आणि १९१० मध्ये बिऱ्हाड तिकडं हललं. म्हणजे बदली, घर हलवणं आणि सायकल, तिन्ही गोष्टी तिथंही होत्याच. अमेरिकेत राइट बंधूंनी विमानाआधी सायकलचंच दुकान चालवलं, हे सगळे सांगतात. ते दुकान १८९२ चं. बेळगावचं चार वर्षांनी जुनं आहे, हे मी इथं कुणी विमानाचा विषय काढला की मुद्दाम सांगते.

रहाटणीच्या पट्ट्यात मात्र गोष्ट उलटी घडली. इथं सायकलवरून उतरवणारी वाहनं तयार झाली. १९७२ साली बजाजची चेतक आली, त्याच साली फिरोदियांची लुना. आकुर्डीच्या स्कूटरनं सायकलवरच्या साहेबाला उतरवलं आणि लुनानं मास्तरांना. लुनाला तर पेडलंही होती. सायकल सोडवत नसलेल्यांची सोय म्हणून असावीत, असं मला नेहमी वाटतं. माझ्या वडिलांनी लुना घेतली तेव्हा पहिले काही दिवस ते पेट्रोल वाचवायला ती पेडल मारत शाळेत नेत. ज्या गावानं माणसांना सायकलीवरून उतरवायचा उद्योग एवढी वर्षं मन लावून केला, त्या गावात सायकलीचा आवाज एवढ्या आस्थेनं ऐकला जावा, याचं मला बरं वाटतं. अर्थात ही आस्था चालवण्यापर्यंत जात नाही. सल्लागारांपैकी सायकल चालवणारे दोघं: सातव्या मजल्यावरचा मुलगा रविवारी पहाटे, आणि वॉचमनदादा, रोज. वॉचमनदादांच्या सायकलीतून कसलाच आवाज येत नाही, आणि त्यांना मत कुणी विचारत नाही.

आवाजाचं घोडं अडलेलंच होतं. एका रविवारी यजमानांनी काकांकडून पान्यांचा संच आणला आणि कुणालाही न सांगता सायकलीचे सगळे नट आवळले. परचेसचा माणूस स्वतःच्या हातानं पाना धरतो ही घटना असल्यामुळं मी मध्ये बोलले नाही. सोमवारी आवाज दुप्पट. आता 'कट्' नव्हे, 'कटाक्'. बीबीवाल्यांचा पक्ष त्या दिवशी फार जोरात होता.

शेवटी काळेवाडी फाट्याच्या बाजूला टपरीत बसणाऱ्या मिस्त्रीकडं गेले. लातूरकडचा माणूस. "कधीपासून आवाज यायलाय ताई?" म्हणाला. सायकल उलटी केली नाही, चेन बघितली नाही. डावं पेडल बोटात धरून हलवलं. ते हललं. "टेम्पोत टाकताना काढलं होतं का?" काढलं असणार, कपाटाला अडत असेल म्हणून सामानवाल्या पोरांनी काढून, पोचल्यावर हातानंच फिरवून बसवलं असणार. "आणि नंतर कुणीतरी आवळलंय ते," मिस्त्री म्हणाला, "पण उलटं. डाव्याला उलटे आटे असतेत. आवळायला गेलं की ढिलं होतंय." त्यानं पाना लावला, डावीकडं फिरवून घट्ट केलं, आटे शाबूत असल्याचं सांगितलं, वीस रुपये घेतले. मी यजमानांचं नाव त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी काकांना हे कळलं. आनंद झालाच, पण डाव्या पेडलला उलटे आटे *का*, हे समजून घेतल्याशिवाय मला वर जाऊ देणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, माझ्या सैल मुठीत उभी धरायला लावली आणि तिचं वरचं टोक गोल फिरवायला सांगितलं. टोक एका दिशेनं फिरत होतं आणि मुठीतली पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेनं गिरकी घेत होती. पेडलचा दांडा क्रँकच्या भोकात अशीच अतिसूक्ष्म गिरकी घेत असतो, प्रत्येक फेऱ्याला. एवढ्यातेवढ्यानं कळत नाही, पण शेकडो किलोमीटरमध्ये चांगला घट्ट नटसुद्धा सैल होतो. म्हणून डावीकडचे आटे उलटे, म्हणजे ती गिरकी पेडलला सैल करण्याऐवजी आवळत राहील. लिफ्टसमोर आम्ही दोघं मुठीत पेन्सिल फिरवत उभे. लिफ्टचं दार दोनदा उघडून मिटलं. आतली मंडळी बाहेर यायचीच विसरली. पुढच्या फेरीत त्यातल्या गॅस्केटवाल्यांनी स्वतःचं बॉलपेन काढलं.

मिस्त्रीचं निदान विंगनं स्वीकारलं आहे असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दुसऱ्या दिवशी भेटल्याभेटल्या विचारलं, "पण बीबी खोलून बघितली का त्यानं?" नाही म्हटल्यावर ते समजूतदारपणे हसले. आवाज पावसाळ्यात परत येईल असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते दर आठवड्याला फाटकापाशी थांबून सायकल जाईपर्यंत कान देतात. चेनसाठी काकांनी मला पट्टीची कसोटी शिकवली आहे: बारा इंचांत चोवीस कड्या बरोबर बसल्या पाहिजेत. एक सूत, म्हणजे एक अष्टमांश इंच, जास्त भरलं तर नुसती चेन बदलून भागत नाही, दातही खाल्लेले असतात. अर्ध्या सुतालाच चेन बदलली, तर दात वाचतात. माझी चेन पाव सूत आहे. हे मी यजमानांना सांगितलं, तर त्यांनी चेनचा रेट विचारला.

सध्या मडगार्डचा विषय चालू आहे. जूनच्या आत बसवायचं असं सर्वानुमते ठरलं आहे. वाद आहे तो पत्र्याचं की प्लास्टिकचं, एवढाच. पत्र्याचं गंजतं आणि खडखडतं, प्लास्टिकचं उन्हानं तडकतं. फोमवाल्यांनी पत्र्याखाली फोमची पट्टी चिकटवायची तयारी दाखवली आहे, फुकट. वायरिंगवाले म्हणतात, मडगार्ड लावताच आहात तर मागं दिवाही लावून टाकू. सातव्या मजल्यावरच्या मुलाच्या मते मडगार्डच नको, वजन वाढतं. त्याला अजून सांगलीची काळी माती आणि पांढरी साडी हे गणित घालायचं आहे. काकांनी मत राखून ठेवलंय. त्यांना आधी टायर आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर मोजायचं आहे, आणि मायक्रोमीटर मुलीकडं मोशीला राहिलाय.